बाळाच्या हृदयाचं 'पॅलिएटिव्ह' ऑपरेशन : शंटनंतरचे महिने घरी कसे काढलेत?

किराणावाली_सूनबाई

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. एका हातावर बाळ आहे आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर टंकतेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मुलगी आज २६ दिवसांची. नवव्या दिवशी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, परवा घरी आलो. आजाराचं नाव पल्मोनरी अट्रेशिया, सोबत व्हीएसडी. डॉक्टरांनी पेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावलं. हृदयातून फुप्फुसांकडे जाणारी वाट मुळात तयारच झालेली नाही, आणि खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक आहे. पोटात असताना सगळ्याच बाळांना महाधमनी आणि फुप्फुसांची धमनी जोडणारी एक छोटी नळी असते, डक्टस म्हणतात. जन्मानंतर थोड्या दिवसांत ती आपोआप मिटते. इतरांची मिटते ते चांगलंच, पण हिचा सगळा प्राणवायू त्या एका नळीवर चालला होता.

दुसऱ्या दिवशी मला तिचे ओठ जांभळट वाटले. विचारलं तर "थंडीने असेल, गुंडाळून ठेवा" असं उत्तर मिळालं. (गावाचं, दवाखान्याचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका.) रात्रपाळीच्या सिस्टरने मात्र स्वतःहून तिच्या पायाला ऑक्सिमीटर लावला. ७१. तिनेच डॉक्टरांना उठवलं. १०८ ने पुणे. तिथे नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिनचं औषध शिरेतून चालू केलं आणि आकडा ८० च्या वर गेला, तेव्हा कुठे मी दोन दिवसांनी चहा प्यायले.

आता खरा मुद्दा. ऑपरेशनच्या आधी संमतीचा कागद आला, त्यावर 'पॅलिएटिव्ह सर्जरी' लिहिलं होतं. सही करायला हे बसले आणि दिरांनी त्यांचा हात धरला. दोन वर्षांपूर्वी मामंजी अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. शेवटच्या महिन्यात त्यांच्या फाईलवर हाच शब्द होता. "वहिनी, हा शब्द मला माहितीये," एवढंच म्हणाले. आम्ही तिघं कॉरिडॉरमध्ये तसेच बसून राहिलो. कुणी काही बोलेना. सासूबाई फोनवर विचारत होत्या, झालं का आत न्यायचं.

शेवटी तिथल्या ज्युनिअर डॉक्टर मॅडमनी आमची तोंडं बघून विचारलं. ऐकल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, "काका, पूल बांधायला वेळ लागणार आहे. तोवर नदीतून वळणरस्ता काढतोय, गाडी थांबायला नको म्हणून. इथे पॅलिएटिव्ह म्हणजे एवढंच." मग सही झाली. धमनीतलं रक्त फुप्फुसांकडे वळवणारी साडेतीन मिलिमीटरची गोअर-टेक्सची कृत्रिम नळी बसवली आहे, तिलाच बीटी शंट म्हणतात. खरा पूल आठ-दहा महिन्यांनी.

आता विचारायचंय ते वळणरस्त्याबद्दल. घरी ऑक्सिमीटर घेतलाय, ७८ ते ८२ दाखवतो. हे बरोबर आहे ना? वजन फक्त २ किलो ७०० आहे. रडली की काळजात धस्स होतं. बारसं करायचं की नाही? ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी लिहा, प्लीज.

आद्याची_आई

आधी तुला मिठी. माझी आद्या नऊ वर्षांची आहे, तिलाही जन्मतःच हृदयाचा दोष, फॅलोट्स टेट्रालॉजी. शंट झाला तेव्हा एकवीस दिवसांची होती. आता चौथीत आहे आणि मला उलट उत्तरं देते.

७८-८२ म्हणजे छान. आम्हाला ७५ ते ८५ सांगितलं होतं. ९५ दिसलं म्हणून पेढे वाटू नकोस बरं का! मी तसं केलं होतं. शंटवाल्या बाळाचा आकडा फार वर गेला तर फुप्फुसात जास्त रक्त चाललंय असा अर्थ निघू शकतो, आणि मग श्वास लागतो, दूध पिताना घाम येतो. आकडा पायाच्या अंगठ्याला घे, तेही पाय गरम असताना. पाय गार पडला की मशीन वाट्टेल ते दाखवतं.

वजन रोज, एकाच वेळी, आंघोळीआधी, लंगोटाशिवाय. दिवसाला २०-३० ग्रॅम वाढलं की समजायचं गाडी रुळावर आहे. दूध पिऊन दमत असेल तर काढलेलं दूध बोंडल्याने पाज, त्यात तिची ताकद कमी जाते. आम्ही दोन महिने निम्मं दूध नाकातल्या नळीने दिलं. लोक बघतात, बघू देत.

रडली आणि अचानक निळी पडली तर गुडघे छातीशी दुमडून धर. ते शिकवलं असेलच.

बालरोगवाला

मी बालरोगतज्ज्ञ आहे, हृदयशल्यचिकित्सक नाही. तुमच्या कार्डिऑलॉजिस्टचं म्हणणं माझ्या म्हणण्याच्या वर ठेवा.

आद्याच्या आईंनी चांगलं लिहिलंय, फक्त एक दुरुस्ती. गुडघे छातीशी धरायचा उपाय टेट्रालॉजीत शंट होण्याआधी जे झटके येतात त्यांसाठी आहे. तिथे फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि ती अचानक आणखी आवळते. इथे ती वाट नाहीच, सगळं शंटवर आहे. हे बाळ अचानक निळं पडलं, आकडा ७० च्या खाली जाऊन वर येईना, किंवा ते मलूल पडलं, तर शंटमध्ये गुठळी झाली असं धरून चालायचं आणि गाडी काढायची. घरी काही करत बसू नका.

दुसरी गोष्ट, जुलाब-उलट्या. इतर बाळांना आपण ओआरएस देऊन एक दिवस वाट बघतो. शंटवाल्या बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं आणि साडेतीन मिलिमीटरची नळी बुजायला वेळ लागत नाही. दोन पातळ शी झाल्या आणि दूध पीत नाही, की फोन करायचा. अॅस्पिरिन त्यासाठीच दिलेलं असतं, ते एक दिवसही चुकवू नका. घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर तेही डॉक्टरांना कळवा, अॅस्पिरिन चालू असताना ते महत्त्वाचं असतं. लसी सगळ्या वेळेवर द्या. घरातल्या मोठ्यांनीही फ्लूची लस घ्या.

जिने रात्री ऑक्सिमीटर लावला त्या सिस्टरला माझा नमस्कार सांगा. जन्मल्यावर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला प्रोब लावायचा. दोन्हीकडे ९५ च्या खाली, किंवा दोन्हींत ३ पेक्षा जास्त फरक असेल तर परत बघायचं, आणि तसंच राहिलं तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, मशीन बहुतेक प्रसूतिगृहांत असतं. तरी सगळीकडे होत नाही. सावळ्या बाळात ओठांचा निळेपणा डोळ्यांना दिसायला आकडा बराच खाली यावा लागतो, त्यामुळे 'बघून ठरवतो' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पाइपवाला

मी पाणीपुरवठ्यातला इंजिनीअर, वैद्यकातलं शून्य कळतं. पण साडेतीन मिलिमीटर वाचून राहवलं नाही. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे ३.५ ऐवजी ४ ची नळी टाकली तर त्याच दाबाला जवळजवळ ७० टक्के जास्त रक्त जाईल! अर्ध्या मिलिमीटरने एवढा फरक पडत असेल तर शल्यविशारद ठरवतात कसं?

बालरोगवाला

@पाइपवाला, तुमचं गणित बरोबर आहे, म्हणूनच त्या अर्ध्या मिलिमीटरवर वाद होतात. पण शंट मानेखालच्या एका धमनीतून निघतो, ती धमनीच लहान असेल तर नळी कितीही मोठी घेऊन उपयोग नाही. शिवाय बाळाच्या वजनाचा विचार करतात. लहान नळी टाकली तर बुजण्याची भीती. मोठी टाकली तर शरीराच्या वाट्याचं रक्त फुप्फुसात वाहून जातं आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्या उपाशी राहतात. आणि तिसरी गोष्ट पाण्याच्या पाइपात नसते: बाळ वाढतं, नळी वाढत नाही. आज जी मोठी वाटते ती सहा महिन्यांनी तोकडी पडते. वळणरस्ता कायमचा नसतो तो असा.

आता तुम्ही विचारणारच म्हणून लिहितो. शंटऐवजी ती मूळ डक्टस नळीच स्टेंट घालून उघडी ठेवायची पद्धतही आहे, छाती न उघडता. सगळ्या बाळांच्या नळीचा आकार त्याला साथ देत नाही. आणि काही आजारांत उलटं असतं, फुप्फुसात रक्त फार जातं. तिथे फुप्फुसधमनीभोवती पट्टी आवळतात. तेही पॅलिएटिव्हच.

सदाशिव_पेठी

हे सगळं वाचून मनात येतं ते लिहितो, राग नसावा. इतक्या लहान जिवाला एक ऑपरेशन, मग दुसरं, मग कदाचित तिसरं. एकदाच पूर्ण दुरुस्ती का करत नाहीत? की हॉस्पिटलांना दोनदा बिल लावायचं असतं?

पीआयसीयू_सिस्टर

@सदाशिव_पेठी, राग नाही, पण उत्तर देते. अठरा वर्षं बाळांच्या हृदयविभागात आहे.

काही ठिकाणी, काही बाळांत एकदाच पूर्ण दुरुस्ती करतातही. पण अडीच किलोच्या बाळाच्या फुप्फुसधमनीच्या दोन फांद्या कधीकधी पेन्सिलच्या शिशाएवढ्या असतात. त्यात आधी रक्त खेळलं पाहिजे, मग त्या वाढतात. रक्त नाही तर वाढ नाही. शंट हा त्यांचा खुराक आहे. त्या पुरेशा मोठ्या झाल्या की मगच पूर्ण दुरुस्ती टिकते.

शंट झालेल्या बाळाची पहिली रात्र म्हणजे आमची परीक्षा. एकीकडे रक्तदाब पडू द्यायचा नाही, दुसरीकडे आकडा ९० च्या वर जाऊ द्यायचा नाही. ऑक्सिजन वाढवला तर फुप्फुसं सगळं रक्त ओढून घेतात. नवीन मुली येतात त्यांना हेच समजायला वेळ लागतो, की निळसर बाळ दिसलं तरी ऑक्सिजनचा नॉब फिरवायचा नाही.

सूनबाई, डिस्चार्जच्या आधी मी आयांना एक गोष्ट शिकवते. कान बाळाच्या छातीला लावायचा, शंटच्या बाजूला, हंसळीच्या (गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या) खाली. शंट चालू असेल तर सतत घुंई-घुंई ऐकू येते, लांब कुठेतरी गिरणी चालू असावी तशी. सगळ्यांना कानाने ऐकू येईलच असं नाही, स्टेथोस्कोपने येतं. ती गिरणी एकदा ओळखीची झाली की आईला झोप लागते. ऐकू आली नाही म्हणून लगेच घाबरायचं नाही, पण सोबत आकडा पडला असेल तर घरी थांबायचं नाही.

हो, आणि छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण दीड महिना, तिला काखेत हात घालून उचलू नका. मान आणि ढुंगण धरून, फावड्यासारखं. आजोबा-काका मंडळींना आधी शिकवा.

बाल्टिमोरकर

वळणरस्त्याची उपमा आवडली. हा रस्ता पहिल्यांदा निघाला तो आमच्या शहरात, म्हणून थोडं अवांतर.

इथल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. हेलन टॉसिग बाळांच्या हृदयाच्या दवाखान्याच्या प्रमुख होत्या. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून त्या हाताने हृदय चाचपत. त्यांच्या लक्षात आलं, की निळ्या बाळांत ज्यांची डक्टस उघडी असते ती तगतात, आणि ती मिटली की ढासळतात. मग मिटलेली नळी परत का बनवू नये? बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसनी १९३८ मध्ये उघडी राहिलेली डक्टस बांधून बंद करायचं ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी केलं होतं. टॉसिग त्यांच्याकडे गेल्या, त्यांनी रस दाखवला नाही. बंद करण्यासाठी प्रसिद्ध झालेल्या माणसाला उघडायला सांगायचं म्हणजे!

मग त्या वळल्या हॉपकिन्सचेच सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्याकडे. आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले व्हिव्हियन थॉमस, कृष्णवर्णीय, सुतारकाम केलेले, कॉलेजचे पैसे १९२९ च्या मंदीत बुडालेले. कुत्र्यांवर हे ऑपरेशन बसवलं ते थॉमसनी. २९ नोव्हेंबर १९४४ ला आयलीन सॅक्सन नावाच्या पंधरा महिन्यांच्या मुलीवर ते पहिल्यांदा झालं, तेव्हा ब्लेलॉकच्या मागे स्टुलावर थॉमस उभे होते आणि टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. मूळ पद्धतीत हाताकडे जाणारी धमनीच वळवून फुप्फुसाच्या धमनीला जोडत. गोअर-टेक्सची नळी बरीच नंतर आली.

नाव पडलं ब्लेलॉक-टॉसिग, तेच तुमचं 'बीटी'. थॉमस यांना १९७६ मध्ये मानद डॉक्टरेट मिळाली. आता बरेच लोक ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग म्हणतात. आयलीन पुढे काही महिन्यांतच गेली, हेही लिहायला हवं. पण वाट सापडली होती.

मृण्मयी_दापोली

मी इथे लिहावं की नाही, दोन दिवस ठरवत होते.

माझ्या मुलाच्या हृदयाची डावी बाजू वाढलीच नव्हती. हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट. त्यात ऑपरेशनचे तीन टप्पे असतात: पहिल्या आठवड्यात नॉर्वुड, मग चार-सहा महिन्यांनी ग्लेन, मग दोन-चार वर्षांचं झाल्यावर फॉन्टन. तिन्ही झाले तरी हृदय एकाच पंपावर चालतं. म्हणजे तिथे पूल शेवटपर्यंत होत नाही, वळणरस्त्यालाच डांबर घालत जायचं. डॉक्टरांनी आम्हाला तास-दीड तास बसवून दोन्ही वाटा सांगितल्या. ऑपरेशनही पॅलिएटिव्ह, आणि ऑपरेशन न करता त्याला त्रास न होऊ देता सांभाळणं, तेही पॅलिएटिव्ह. एकच शब्द, दोन दारं.

आम्ही दुसरं निवडलं. तो अकरा दिवस होता. सात दिवस माझ्या कुशीत घरी. त्याच्या वयाची मुलं दिसली की अजून मोजते.

दिरांच्या घाबरण्याला हसू नका कुणी. आणि सदाशिव_पेठींच्या प्रश्नालाही. फक्त एवढंच, की कुठलं बाळ कुठल्या दाराशी आहे हे शब्दावरून कळत नाही. विचारावं लागतं. सूनबाईंचं बाळ ज्या दाराशी आहे तिथे पूल आहे. तुमची सही बरोबर होती.

सदाशिव_पेठी

मृण्मयीताई, माझा बिलाचा शेरा मागे घेतो. माफ करा.

आद्याची_आई

मृण्मयी, 🙏

किराणावाली_सूनबाई

सगळ्यांचे आभार. मृण्मयीताई, तुमचा प्रतिसाद दिरांना वाचून दाखवला. बराच वेळ ते दुकानातच बसून होते.

काल रात्री गिरणी ऐकली! स्टेथोस्कोप नाही, कानानेच. हे म्हणाले मला नाही येत ऐकू. मग पंखा बंद केला, मग फ्रीज बंद केला, मग आलं.

वजनाचा प्रश्न सुटला. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पाच-पाच ग्रॅम दाखवतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याच्यावर स्टीलची परात, परातीत दुपटं, काटा शून्य करायचा आणि मग ती. नोंद उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर.

अजून दोन गोष्टी. सासूबाई म्हणतात ग्रहणात मी विळी हातात घेतली होती. आणि पैशांचं. ऑपरेशन योजनेत बसलं, पण पुढचंही बसेल का?

बालरोगवाला

विळीचा काही संबंध नाही. त्यांना सांगा, हृदयाची जडणघडण गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांत उरकते, बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं तेव्हा नुकतंच कळलेलं असतं. दर हजार जन्मांत आठ-नऊ बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, आणि बहुतेकदा एकच एक कारण सापडत नाही. तुमच्या बाळाच्या आजारात काही वेळा बाविसाव्या गुणसूत्राचा बारीक तुकडा गळलेला असतो. ती तपासणी आणि कॅल्शियम झालंय का, पुढच्या भेटीत विचारा. पुढच्या खेपेला १८ ते २२ आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची इको करून घ्या. पुन्हा होण्याची शक्यता दोन-तीन टक्के, म्हणजे कमीच.

पीआयसीयू_सिस्टर

योजनेचं: फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक ऑपरेशनची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राकडे आत्ताच फाईलची झेरॉक्स द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही नोंद करा, अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात. तो जन्मापासून १८ वर्षांपर्यंत आहे, आणि २०१३ मध्ये देशात सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच. खारघरच्या सत्य साई संजीवनीत मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात, पण तिथे रांग आहे, नाव आधी घालावं लागतं. बाळाच्या नावात आणि रेशनकार्डात फरक ठेवू नका, निम्म्या फायली तिथेच अडकतात.

म्हणजे बारसं करून टाका. घरच्या घरी, पाच माणसांत, पापे न घेता.

किराणावाली_सूनबाई

धागा वर काढतेय, पाच महिने झाले.

मध्ये एकदा गाडी काढावी लागली. दुपारी तीन उलट्या, आकडा ६८. बालरोगवाला यांनी लिहिलेलं डोक्यात होतं म्हणून ओआरएस कालवत बसले नाही. सलाईनवर दोन दिवस, शंट उघडा निघाला. येताना दिरांनी गाडी घाटात थांबवली आणि बाजूला जाऊन तोंड धुऊन आले.

मागच्या आठवड्यात सीटी झालं. फांद्या वाढल्यात. पुलाची तारीख दोन महिन्यांनी मिळेल. त्या वेळी हृदयातून फुप्फुसाकडे झडपेची नळी बसवणार, आणि ती मोठी होईल तशी तीही बदलावी लागणार, हे स्पष्ट सांगितलंय. म्हणजे पूलसुद्धा अधूनमधून दुरुस्तीला काढायचा. ठीक आहे.

काट्याचं काम आता दिरांकडे आहे. मला हात लावू देत नाहीत, म्हणतात तुझी परात हलते. आजच्या पानावर त्यांच्या अक्षरात आहे: ५ किलो ६४०, ८०. खाली कुणाच्या तरी नावावर अडीच किलो साखर.